समर्थांच्या गावातून स्पॅनिश, नेटवर्किंग आणि लेखनकौशल्य

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून. शके १५३० च्या, म्हणजे इसवी सन १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला तो येथे. रामनवमीला गाव भाविकांनी फुलून जाते. वर्षाचे उरलेले दिवस मात्र येथील तरुणांसमोरचे प्रश्न मराठवाड्यातील इतर कोणत्याही गावातील तरुणांसारखेच असतात. बारावी झाली, आता पुढे काय? महाविद्यालयात प्रवेश घेतलाच तर कोणते विषय घ्यावेत? आणि त्या विषयांच्या बळावर नोकरी मिळेल काय?

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक नवे वळण मिळाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी पदवी अभ्यासक्रमांची नवी चौकट जाहीर केली. स्वायत्त महाविद्यालयांपाठोपाठ २०२४-२५ पासून ती संलग्न महाविद्यालयांतही लागू झाली. त्यामुळे मुख्य विषयाच्या जोडीला व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषिक क्षमता, मूल्यवर्धन अशा निरनिराळ्या गटांतून छोटे अभ्यासक्रम निवडावे लागतात. इतिहासाचा विद्यार्थी संगणक-जाळ्याचा अभ्यास करू शकतो, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी परदेशी भाषा शिकू शकते, आणि लेखनकौशल्य तर जवळपास सर्वांच्याच वाट्याला येते. प्रवेशाच्या वेळी हातात पडणाऱ्या त्या लांबलचक यादीत ‘स्पॅनिश’, ‘नेटवर्किंग’ आणि ‘लेखनकौशल्य’ ही तीन नावे एकाखाली एक दिसली, तर पालकांनी गोंधळून जाण्याचे कारण नाही. पण या तिन्ही नावांमागे नेमके काय दडले आहे, हे सही करण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

सुरुवात लेखनापासून करू, कारण या विषयाचा एक उत्तम पाठ जांबच्याच सुपुत्राने लिहून ठेवला आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाचा आहे. परमार्थाच्या ग्रंथात अक्षर कसे काढावे याचे विवेचन पाहून नवा वाचक चकित होतो. अक्षरे वाटोळी, सुटी आणि काळीभोर असावीत, काना-मात्रा-वेलांट्या ठसठशीत असाव्यात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत लेखणी एकच वाटावी, दोन ओळींतील अंतर सारखे असावे आणि एका ओळीने दुसरीला धक्का देऊ नये, असे समर्थ सांगतात. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहतो, हेही ते सांगतात. आजच्या भाषेत हा समास किंवा ‘मार्जिन’. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी वाचता येत नाही, म्हणून अक्षर मध्यम आकाराचे ठेवावे, हा त्यांचा सल्ला तर चष्म्याचा नंबर वाढलेल्या प्रत्येकाला पटेल. पुढे देशोदेशीचे कागद, लेखण्या, चाकू, कातरी, शाई अशा साहित्याचीही नोंद येते. कागदाविषयी बोलायचे तर दौलताबादजवळचे कागजीपुरा हे हातकागदाचे जुने केंद्र मराठवाड्यातच आहे.

समर्थांचे हे निरूपण म्हणजे केवळ सुलेखनाचा आग्रह असे कोणी समजू नये. ग्रंथ नकलून काढण्याखेरीज त्याच्या प्रसाराचा दुसरा मार्ग नव्हता, तो हा काळ. एका नकलेत चूक झाली की पुढच्या दहा नकलांत ती उतरणार. दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगताना त्यांनी वाचताना अक्षरे गाळणारा, पदरची घालणारा आणि पुस्तकाची निगा न राखणारा यांचीही गणना केली आहे, ती यामुळेच. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत धाराशिव जिल्ह्यातील डोमगावच्या मठात जपली गेली आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी तिच्या आधारे ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. आज आपण दासबोध विश्वासाने वाचतो, त्यामागे एका लेखनिकाची अशी शिस्त उभी आहे.

आता महाविद्यालयातील लेखनकौशल्याचा तास डोळ्यांसमोर आणावा. अनेक ठिकाणी हा विषय सोपे श्रेयांक मिळवून देणारा म्हणून ओळखला जातो. ‘माझा आवडता लेखक’ या विषयावर निबंध, एक काल्पनिक बातमी, एक जाहिरात, की झाले. वस्तुतः नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तरुणाला जे लिहावे लागते ते निराळे असते. सभेचे इतिवृत्त, कार्यालयीन टिप्पणी, तक्रारीचे उत्तर, पाहणीचा अहवाल, विम्याचा वा पीक नुकसानीचा अर्ज हे ते लेखन. यात अलंकाराला वाव नाही. काय घडले, केव्हा घडले, कोणी काय करायचे आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे चार प्रश्न सुटले तर लेखन सुटले. चांगला प्राध्यापक विद्यार्थ्याकडून एकच अर्ज तीनदा लिहवून घेतो. पहिल्या खेपेस दीड पान भरते, तिसऱ्या खेपेस सात ओळी उरतात, आणि त्या सात ओळींत काहीही सुटलेले नसते. ज्या अभ्यासक्रमात पुनर्लेखनाला गुण नाहीत तो अभ्यासक्रम लेखनाचा नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

याला जोडूनच आजचे ‘अक्षर’ म्हणजे संगणकावरचे मराठी टंकलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मधील, त्यांत १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. वर्णमाला आणि देवनागरी लिपीविषयी राज्य शासनाने २००९ मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०२२ मध्ये निर्णय काढले. तरीही जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडताच अगम्य चिन्हांची रांग दिसते, हा अनुभव कार्यालयांना नवा नाही. युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट कळफलकावर, न अडखळता मराठी टंकता येणे हे लेखनकौशल्याचे पहिले प्रात्यक्षिक असावयास हवे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो मिळाल्याने अर्जातील ‘कि’ आणि ‘की’ मधील घोटाळा आपोआप मिटणार नाही.

दुसरा विषय दूरसंचार-जाळ्याचा. येथे मराठवाड्याच्या ग्रामीण वाचकाला एक जुनी आठवण करून देणे योग्य ठरेल. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने खेड्यांसाठी लहान दूरध्वनी केंद्रे तयार केली. वातानुकूलन नसलेल्या खोलीत, धूळ आणि उन्हाळा सोसत ती चालत. त्यापाठोपाठ चौकाचौकांत पिवळ्या पाट्यांची एसटीडी केंद्रे उभी राहिली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले आणि त्याच वर्षी ३१ जुलैला देशातील पहिला मोबाइल संवाद झाला. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तीच पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि महाराष्ट्रात तिचा पुढचा टप्पा ‘महानेट’ या नावाने हाती घेण्यात आला.

तार गावापर्यंत पोहोचली, पण ती सांभाळणारा माणूस गावात आहे काय, हा खरा प्रश्न आहे. रस्त्याच्या रुंदीकरणात, जलवाहिनीच्या खोदाईत तंतू तुटतो आणि ग्रामपंचायतीचे दाखले, शिधावाटपाचे यंत्र, बँक मित्राचा व्यवहार सारेच खोळंबते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून दुरुस्तीचे पथक येईपर्यंत ग्रामस्थांचे हेलपाटे सुरू राहतात. नेटवर्किंगचा अभ्यासक्रम या गरजेशी जोडून पाहिला म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानी येते.

प्रकाशतंतू म्हणजे अतिशुद्ध काचेचा धागा. आवरणासह त्याची काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे साधारण केसाएवढी असते आणि प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. या काचेतून जाताना प्रकाश क्षीण होत जातो. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला ही घट दर किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल असते. तीन डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा, तेव्हा पंधरा किलोमीटरवर निम्मा प्रकाश उरतो. तुटलेला तंतू जोडताना दोन्ही टोके नेमकी छाटून विजेच्या ठिणगीने वितळवून सांधावी लागतात. सांधा चांगला असेल तर घट नगण्य असते. टोकाला धूळ राहिली, छाट तिरकी झाली, तर त्या एका सांध्यात दोन-तीन किलोमीटरच्या तारेइतका प्रकाश वाया जातो. तार नेमकी कोठे तुटली हे शोधण्यासाठी ‘ओटीडीआर’ नावाचे उपकरण तंतूत प्रकाशाची स्पंदने सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजते. हे काम पुस्तकावरून येत नाही. हाताला सवय लागते तेव्हाच ते येते.

तारेच्या वरचा भाग म्हणजे माहितीची वाहतूक. आपण पाठविलेले छायाचित्र अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, वाटेतील राउटर तो पत्ता वाचून तुकडा पुढे ढकलतात, आणि पलीकडे सारे तुकडे पुन्हा क्रमाने जोडले जातात. एखादा हरवला तर तेवढाच पुन्हा मागविला जातो. या पत्त्यांची जुनी पद्धत ३२ अंकी द्विमान संख्येची होती आणि तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्तेच बसत. जगातील माणसांपेक्षाही ते कमी. म्हणून १२८ अंकी पत्त्यांची नवी पद्धत आली. विद्यार्थ्याला ही द्विमान गणिते हाताने सोडवावी लागतात आणि बहुतेकांची गाडी येथेच अडते. गणिताचा धसका घेतलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने हे आधीच जाणून असावे. अर्थात त्यात बेरीज-वजाबाकीपलीकडचे काही नाही, सराव मात्र चिकाटीने करावा लागतो.

या क्षेत्रात प्रवेशाच्या वाटा अनेक आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा व्यवसाय अभ्यासक्रम, तंत्रनिकेतनातील इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार पदविका, दूरसंचार कौशल्य परिषदेचे तंतुजोडणीचे अल्पकालीन प्रशिक्षण, आणि सिस्को कंपनीची ‘सीसीएनए’ ही परीक्षा. या परीक्षेचे प्रमाणपत्र तीन वर्षेच ग्राह्य असते, ही बाब जाहिरातींत बारीक अक्षरांतही सापडत नाही. महाविद्यालयातील दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम या वाटांची केवळ ओळख करून देतो. तेथे प्रयोगशाळेत किमान काही राउटर-स्विच आहेत काय, विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने आठ तारांचा जोड बसवू देतात काय, की भिंतीवरच्या पडद्यावरच सारे दाखवितात, एवढे विचारून घेतले तरी पुरे.

तिसरा विषय स्पॅनिशचा. जांब समर्थच्या विद्यार्थ्याने स्पॅनिश का शिकावी, असा प्रश्न कोणीही विचारील. मातृभाषा म्हणून ती बोलणाऱ्यांची संख्या पन्नास कोटींच्या घरात आहे आणि मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत वीस देशांत तिला राजभाषेचे स्थान आहे. पुण्याजवळ चाकणच्या परिसरात वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या स्पॅनिश कंपन्या आहेत. सेव्हिलमध्ये तयार होणाऱ्या सी-२९५ विमानांची भारतातील जुळणी करणाऱ्या बडोद्याच्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांच्या हस्ते झाले. माहिती तंत्रज्ञानातील कंपन्यांना लॅटिन अमेरिकेच्या ग्राहकांशी त्यांच्याच भाषेत बोलणारी माणसे लागतात. पण एक गोष्ट विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते. भारताचे घड्याळ माद्रिदच्या पुढे हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असते, तर मेक्सिको शहराच्या पुढे साडेअकरा तास. स्पेनच्या ग्राहकांचे काम दुपार-संध्याकाळच्या पाळीत होते, मेक्सिकोच्या ग्राहकांसाठी मात्र रात्र जागवावी लागते.

मराठी विद्यार्थ्याला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. इंग्रजीतून शिकविणाऱ्या पुस्तकांत ‘मे गुस्ता’ या रचनेवर अनेक पाने खर्ची पडतात, कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. आपल्याकडे ‘मला आंबा आवडतो’ आणि ‘मला आंबे आवडतात’. स्पॅनिशमध्येही नेमके तसेच, ‘मे गुस्ता एल मांगो’ आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद आंब्याच्या वचनाप्रमाणे बदलते, खाणाऱ्याच्या नव्हे. क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळत असल्याने ‘मी’ न म्हणता चालते. ‘तू’ आणि ‘आपण’ यांच्यातील अंतर तेथे ‘तू’ आणि ‘उस्तेद’ असे आहे, आणि त्यातला पहिला शब्द तर शिकण्याचीही गरज नाही. ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, त्यामुळे इंग्रजांची जीभ जेथे अडते तेथे आपली अडत नाही. पाव, साबण, चावी, परात, पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. तिच्यात पावाला ‘पान’ म्हणतात, आणि पैसे चुकते करणे म्हणजे ‘पागार’. पगाराची व्युत्पत्ती वर्गात पहिल्याच आठवड्यात कळते, याचा विद्यार्थ्यांना विशेष आनंद होत असावा.

अवघड भागही आहेतच. मराठीत एकच ‘असणे’ आहे, स्पॅनिशमध्ये दोन. ‘ती शिक्षिका आहे’ याला एक क्रियापद आणि ‘ती शाळेत आहे’ याला दुसरे. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, आणि ‘र’ घोळवून म्हटलेला ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ‘पण’ म्हणताना जीभ जास्त घोळली तर वाक्यात अकारण कुत्रा येतो. लिहिताना असलेला ‘एच’ बोलताना नाहीसा होतो, म्हणून नमस्काराचा शब्द ‘होला’ नव्हे, ‘ओला’. इच्छा, शंका, शक्यता दाखविणारी क्रियापदांची रूपे तर वर्ष-दोन वर्षे छळतात.

आणि येथेच गणिताचा प्रश्न येतो. सिद्धान्ताच्या एका श्रेयांकाला पंधरा तास, म्हणजे दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला तीस तास. युरोपीय भाषांच्या क्षमतेचे ए-वन ते सी-टू असे सहा स्तर मानले जातात. त्यांतील पहिल्याच स्तराला साधारणतः साठ ते शंभर तासांचे अध्यापन लागते. नोकरीत उपयोगी पडणाऱ्या बी-टू स्तरासाठी पाचशेच्या आसपास, काहींना त्याहूनही अधिक. तेव्हा महाविद्यालयातील एका सत्राच्या स्पॅनिशवर नोकरी मिळेल असे कोणी सांगत असेल, तर तो विद्यार्थ्याची दिशाभूल करीत आहे. त्या तीस तासांत भाषेची गोडी लागते, उच्चार बसतात, आणि आपल्याला हे जमेल की नाही याचा अंदाज येतो. तेवढ्यासाठी तो अभ्यासक्रम जरूर घ्यावा. पुढची वाट मात्र स्वतंत्र आहे. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचे, म्हणजे आपल्या ओळखीच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील वर्ग, हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ, दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही त्यातील ठिकाणे. मराठवाड्याला यांपैकी हैदराबाद जुन्या संबंधांनी जवळचे. ‘डेले’ या परीक्षेचे प्रमाणपत्र स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने सेर्वान्तेस संस्था देते आणि ते आजन्म ग्राह्य असते. या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत २००९ पासून आहे.

ग्रामीण महाविद्यालयाची खरी अडचण शिक्षकाची आहे. यादीत विषय छापणे सोपे, त्यासाठी माणूस मिळणे कठीण. स्पॅनिशचा प्राध्यापक घनसावंगी, अंबड वा परतूरला आठवड्यातून दोन तासांसाठी येणार नाही, आणि आला तरी त्याच्या मानधनात प्रवासखर्चही भागणार नाही. परिणामी यादीत दहा पर्याय असतात आणि प्रत्यक्षात प्राचार्य सांगतात तो एकच उरतो. यावर एक मार्ग नियमांतच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक ‘स्वयं’ या शासकीय संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांतून घेता येतात. नेटवर्किंगचे चांगले अभ्यासक्रम तेथे असतात, देशातील नामवंत संस्थांचे प्राध्यापक ते शिकवितात, आणि शुल्क लागते ते मुख्यतः परीक्षेला. महाविद्यालयाने त्यासाठी एखादी खोली, चार संगणक आणि वेळापत्रकात ठरलेला तास एवढे दिले तरी मोठे काम होईल. घरी भ्रमणध्वनीच्या इवल्या पडद्यावर, भारनियमनाच्या वेळा सांभाळत बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा करणे सर्वांनाच जमत नाही. मुलींना तर घरकामातून तेवढी सलग सवडच मिळत नाही.

तिन्ही विषय परस्परांपासून दूर वाटतात, पण कामाच्या ठिकाणी ते एकत्र येतात. जाळ्यातील बिघाड दूर करणाऱ्या तंत्रज्ञाला प्रत्येक बिघाडाचा लेखी अहवाल द्यावा लागतो. तार कोणत्या खांबापाशी तुटली, सांधा कोठे घेतला, घट किती भरली, हे पुढच्या पाळीच्या माणसाला पाच ओळींत कळले पाहिजे. ते नीट लिहिले नसेल तर दुसरा तंत्रज्ञ तोच खड्डा पुन्हा खणतो. आणि ग्राहक जर बोगोटाचा असेल, तर त्याच पाच ओळी स्पॅनिशमध्ये लिहाव्या लागतात.

प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी महाविद्यालयाला काही प्रश्न अवश्य विचारावेत. हा विषय गतवर्षी प्रत्यक्ष शिकविला गेला होता काय? कोणी शिकविला? त्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याची वही पाहावयास मिळेल काय? लेखनाच्या वहीत शिक्षकाच्या तांबड्या शाईच्या खुणा असतील, नेटवर्किंगच्या वहीत पत्त्यांची खोडाखोड केलेली गणिते असतील आणि स्पॅनिशच्या वहीत देवनागरीत लिहिलेले उच्चार असतील, तर तेथे वर्ग भरत होता असे समजावयास हरकत नाही.